घोंगडीवर ठेवलेलं झाड

बसा ताई, बसा. त्या पोत्यावर नका बसू, त्यात पिसवा हायत, हितं वट्ट्यावर या. लगेच लिवायला लागल्या का? लिवा माय, लिवा. माझं नाव सरू. राशनच्या कारडावर सरूबाई एकनाथ असं हाय, अन् एकनाथाचं नाव कारडावरून अजून कमी केलं न्हाई, त्याला जिंतूरला जाऊन सायबापुढं उभं राहावं लागतं, अन् सायबापुढं उभं राहायचं मी सोडलंय, राहू द्या म्हणलं, कारडावर तरी असू द्या माणूस. माहेर माझं चारठाण्याकडचं. तितं ते जुने दगडाचे देऊळं हायत न्हाई का, लोक लांबून बघायला येतेत, फोटू काढतेत, आमी त्या देवळाच्या सावलीला मेंढरं बसवायचो, आमाला काय त्याचं. आमी हटकर, धनगरातले. बाप मेंढक्या, आजा मेंढक्या. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली गंगेच्या, म्हंजी गोदावरीच्या, काठाला उतरायचं, पाथरीकडं, कुणब्याच्या रानात मेंढरं बसवायचे, लेंड्या त्याच्या रानाला अन् जवारी आमच्या पोटाला, पावसाळ्याच्या तोंडाला परत माघारी. मायला माझ्या कळा आल्या त्या वाटंवरच, म्हून मला सगळे वाटंवरची म्हणायचे.

लगीन झालं ते हितं, बोरीच्या अंगाला. माझा सासरा ग्यानबा, मी मामा म्हणते त्याह्यला. ते काय, भिंतीला टेकून बसलेत बघा तिकडं. त्याह्यला ऐकू येत न्हाई म्हणतेत, का येतं अन् येत न्हाई असं दाखवतेत ते त्याह्यलाच ठाऊक, तुमी मात्र जरा हळूच बोला. माझा नवरा एकनाथ त्याह्यचा एकुलता एक. सासू मी यायच्या आधीच गेलेली. म्हंजी या घरात बाईमाणूस मीच पहिली अन् मीच शेवटची, पोटी लेकरू राहिलं न्हाई, ती कहाणी आज नको.

मामा पंच व्हते. आता तुमाला पंचाचं सांगितलं पाहिजे, न्हाईतर म्होरचं काय कळायचं न्हाई. आमच्यात पंचायत बसती ती घोंगडीवर. कुणाचं मेंढरू कुणाच्या कळपात गेलं, कुणी सोयरीक मोडली, कायबी असू द्या, आधी पंचाची घोंगडी हातरायची, तिच्यावर भंडारा टाकायचा, अन् ज्याच्यावरून तंटा ते आणून तिच्यावर ठेवायचं. मेंढरू असलं तर मेंढरू, डागिना असला तर डागिना. अन् पुरतं ठेवायचं, अर्धं मागं दडवून अर्धं पंचापुढं असं चालत न्हाई, ते देवाला खोटं केल्यासारखं. अन् एकदा घोंगडीवर ठेवलं की पंच उठेस्तोवर त्या वस्तूला कुणी हात लावायचा न्हाई, अन् ज्यानं ठेवलं त्याच्या अंगालाबी हात लावायचा न्हाई, मग तो चोर का असंना. आपल्या पायानं आला, खरं घेऊन आला, म्हून त्याला अभय. असं आमचं हाय. व्हतं म्हणा.

तुमी हसायलात का? न्हाई? मग ठीक हाय. कारण तुमाला वाटंल हे धनगराचे खेळ, पर मी ती घोंगडी चालताना बघितली हाय माझ्या या डोळ्यांनी. ते नामांतराचं पहिल्यांदा पेटलं तवाची गोष्ट, मी नवीन नवरीच व्हते. विद्यापीठाला बाबासायबाचं नाव द्यायचं म्हून मुंबईला ठरलं अन् हिकडं गावोगाव लोकांची डोकी फिरली, बौद्धवाड्याला आगी लागल्या. शांताबाई म्हून हाय, आता येईलच ती, दिवसातून एक चक्कर हाय तिची, ती तवा पोटुशी व्हती, ती अन् तिची सासू अन् दोन शेळ्या पळत पळत आमच्या वाड्यावर आल्या, वाडा म्हंजी मेंढराचा वाडा, काट्याचं कुपण. मागून माणसं. आमच्याच गावचे हो, परके न्हाई, ज्याच्या रानात आमी मेंढरं बसवायचो तेच. मामा उठले, काठीबी घेतली न्हाई, खांद्यावरची घोंगडी काढली अन् वाड्याच्या तोंडाला हातरली, भंडारा टाकला, अन् म्हणले, ह्या बाया मी पंचापुढं ठेवल्यात, ज्याला घोंगडी तुडवून आत जायचं त्यानं जावं. अन् माणसं उभे राहिले. शिव्या दिल्या, थुकले, पर घोंगडी काय कुणी तुडवली न्हाई. गेले परत. शांताबाई आजबी म्हणती, सरू, मला पोलिसानं वाचवलं न्हाई, मला एका कांबळ्यानं वाचवलं. मी म्हणते कांबळं नको म्हणू, घोंगडी म्हण, मामा ऐकतेल.

म्हून मामाचा भरवसा बसला ना. माझं म्हणणं तेच हाय. घोंगडीनं एकदा शंभर माणसं थांबवली, मग माणसाला वाटणारच की ती कुठंबी थांबवंल.

आता गांजाचं. तुमी त्याच्यासाठीच आल्यात, मला माहीत हाय, गुरुजीनं सांगितलं असंल, आमच्या शाळंचे गुरुजी, त्याह्यला सगळ्यांच्या घरचं सगळं सांगायची लय हौस. हे बघा, निजामाच्या वक्ताला म्हणं गांजाचा ठेका असायचा, दारूचा असतो तसा, सरकारच इकायचं. ते बंद पडलं. पर मेंढक्याच्या परड्यात, घरामागं, एकदोन झाडं कायम असायची. मेंढरू गारठलं, पोट फुगलं, पाला द्यायचा. बाळंतिणीला झोप लागंना, म्हाताऱ्याचे गुडघे धरले, पाला तुपात भाजून गुळात थोडासा. आमच्या घरात चिलीम कुणी वढली न्हाई, मामानं तर न्हाईच, ते म्हणायचे धूर देवळातल्या बाबाला, पाला आपल्याला. त्याचं कुणाला कायबी वाटत नव्हतं. मग दिल्लीहून तो कडक कायदा आला. तलाठ्यानं चावडीवर सांगितलं, झाडं उपटा, न्हाईतर धा वर्सं आत. लोकांनी उपटली. मामानंबी उपटली. कायद्याला कधी न्हाई म्हणलं न्हाई त्याह्यनं.

अन् मग एकनाथाला ते झालं. जबड्याच्या आत, हितं, आधी फोड, मग गाठ, मग गालाला भोक. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. डागदर चांगला व्हता, तरणा व्हता, खोटं बोलला न्हाई. म्हणला, मावशी, उशीर झाला, घरी न्या, जितकं सुखात ठेवता येईल तितकं ठेवा. मी म्हणलं सुखात कसं ठेवू, ते तर रडायलेत, पाणी गिळंना त्याह्यला. तो म्हणला एक सुई असती दुखणं थांबवायची, पर ती आता परवान्याबिगर मिळत न्हाई, तुमच्या जिल्ह्यात तर न्हाईच मिळायची. म्हंजी दवा हाय, दुखणं हाय, मधी परवाना हाय. आमी बसमधी बसून घरी आलो. एकनाथ सगळ्या वाटंनं टावेल तोंडावर धरून.

काय सांगू तुमाला ताई. धडधाकट माणूस, मेंढरू खांद्यावर टाकून कोस कोस चालणारा, तो लेकरावाणी हुंदके द्यायचा. गाणं म्हणायचा आधी, ओव्या म्हणायचा मेंढरामागं, आवाज व्हता. आता नुसता घशातून एक सूर निघायचा दिसभर, मेंढरं त्या आवाजानं कान टवकारायची. मामा परड्यात जाऊन उभे राहायचे, ऐकवत न्हाई म्हून. एक दिस आले अन् मला म्हणले, सरू, कायदा माणसासाठी असतो का माणूस कायद्यासाठी?  त्याह्यनंच कुठून तरी बी आणलं अन् उकिरड्यामागं लावलं. दोन झाडं आली. पाला काढला, गुळात दिला. अन् ताई, त्या दिशी एकनाथ जेवला. जवारीच्या कण्या, पातळ, वाटीभर, अन् झोपला. मी बसून बघायलेय तो झोपलेला, अन् मामा दारात बसून रडायलेत, अन् मी म्हणते रडता काय, झोपलाय तो, मेला न्हाई. बरा व्हणार नव्हताच तो, आमाला काय कळत नव्हतं का. पर जेवत व्हता, झोपत व्हता, मधीच माझी टिंगलबी करायचा, सरू, तुझ्या कण्यात मीठ न्हाई, मला गालाला भोक हाय, जिभेला न्हाई. इतकंच पाहिजे व्हतं आमाला.

तेवढ्यात ते सुरू झालं मुंबईला. गुरुजी पेपर वाचून दाखवायचे. म्हणं सरकारात चर्चा चालू हाय, औषधापुरता गांजा-भांग मोकळा करायचा का. वैद्य लोक म्हणायले करा, डागदर म्हणायले नका. कुणी म्हणायलं आपल्या जुन्या पोथ्यात हाय, कुणी म्हणायलं पोरं बिघडतेल. एक समिती नेमली, ती जिल्ह्याजिल्ह्यात जाऊन लोकांचं ऐकणार, मग परवाना द्यायचा का ते ठरणार. अन् परभणीला ती येणार. आमच्या भागातले एक पुढारी, त्याह्यला सगळे दादा म्हणायचे, आमदारकीला उभं राहायची लय घाई झालेली, ते गावात आले, चावडीवर बोलले, ज्या ज्या घरात दुखणं हाय त्यानं या, गरिबाचं म्हणणं समितीपुढं मांडा, बिलकुल भिऊ नका, मी हाय. मामा पुढं झाले अन् इचारलं, म्हंजी पंचच ना हे? दादा हसले, म्हणले, हो हो मामा, पंचच समजा, राज्याचे पंच.

हितंच झालं ताई. राज्याचे पंच. दादाला काय, तोंडाला आलं ते बोलले अन् जीपमधी बसले.

समिती यायच्या दिशी मामानं आंघोळ केली, धवळं धोतर नेसलं, भंडाऱ्याची पिशवी कमरंला खोवली. एकनाथाजवळ शांताबाईला बसवलं. मला बरोबर घेतलं, म्हणले, तो काय खातो किती झोपतो ते तुला ठाऊक, पंचांनी इचारलं तर तू सांगायचं. अन् उकिरड्यामागून एक झाड उपटलं. मुळासकट, मातीसकट, वर तुरे आलेले, बी धरलेलं. घोंगडीत गुंडाळलं अन् खांद्यावर घेतलं. मी म्हणलं मामा, पुरतं झाड कशाला, मूठभर पाला घ्या की. ते म्हणले, पंचापुढं अर्धं ठेवीत न्हाईत, सरू, हटकराची सून हायस तू. 

परभणीला गेलो तर तितं पोलिसच पोलिस. आमाला वाटलं समितीसाठी हायत. न्हाई हो. नामांतराचा मोर्चा निघणार व्हता का निघाला व्हता, तवा वरचेवर चालायचंच ते, म्हून गावभर बंदोबस्त, हॉलच्या दारातबी चारजण. त्याह्यला गांजाचं काय देणंघेणं नव्हतं, ते तर डुलक्या मारायले व्हते.

हॉल भरलेला. वर टेबल, टेबलावर फुलदाणी, मागं साहेब लोक. एक वैद्य उठले, त्याह्यनं संस्कृतमधी म्हणलं अन् मग मराठीत म्हणलं की गांजा म्हंजी अमृत, फक्त जाणकाराच्या हातात पाहिजे. मग एक डागदर उठले, म्हणले, आज दवाखान्यात द्याल, उद्या पानटपरीवर मिळंल, मग कोण थांबवणार. मग दारूबंदीच्या बाया उठल्या, नांदेडकडच्या व्हत्या, त्यातली एक म्हणली, आमचा एक संसार दारूनं बुडवला, आता सरकार दुसरी बाटली हातात द्यायलंय का. तिच्या कपाळाला खोक व्हती जुनी. ती खोटं बोलत नव्हती ताई, मला तिचा राग न्हाई आला, आजबी येत न्हाई. पर तिला माझ्या घरी आणून एकनाथाजवळ बसवायला पाहिजे व्हतं एक दिस, अन् मला तिच्या घरी. ते कुणी केलं न्हाई. नुसते एकमेकाच्या डोक्यावरून बोलायलेत. टाळ्या सगळ्यांना पडायल्या, हिकडूनबी अन् तिकडूनबी.

मग मधले साहेब, अध्यक्ष व्हते ते, म्हणले, आता सामान्य माणसानं बोलावं, प्रत्यक्ष कुणी औषध म्हून वापरलंय का, कुणाचा अनुभव हाय का?  वैद्याच्या मांडीवर पिशवी व्हती, त्यात बाटल्या वाजत व्हत्या मघापासून, त्याह्यनं पिशवीचं तोंड आवळलं, मी बाजूलाच बायात बसलेले, बघितलं मी. दादानं मागं वळून मामाकडं बघितलं अन् मान हलवली, उठा म्हून.

मामा उठले. टेबलापुढं गेले, घोंगडी हातरली, कोपरे सारखे केले, भंडारा टाकला, अन् ते झाड, मुळासकट, मधोमध ठेवलं. हात जोडले. म्हणले, पंचांनो, मी ग्यानबा, ह्यो कायदा मोडलेला हाय, मी मोडला, हे बघा. माझं लेकरू ह्याच्यावर दोन घास खातंय अन् डोळा लावतंय. दुसरं मला काय नको. त्यो जाईस्तोवर मला परवानगी द्या, मग मपल्या हातानं जाळीन. अन् दंड काय करायचा तो करा, मेंढरं घ्या. माझी सून हाय हितं, तिला इचारा.

अन् ताई, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारूबंदीची ती बाई डोळ्याला पदर लावायली. पेपरवाल्यानं फोटू काढला, उजेड पडला लख्ख. मला वाटलं, झालं. झालं आपलं काम.

मग त्या डागदरानं इचारलं, साधंच इचारलं, अध्यक्ष महाराज, हे जे टेबलापुढं हाय ते आजच्या कायद्यानं गुन्हा हाय का न्हाई? अध्यक्ष कागद चाळायला लागले. एवढे कागद पुढं, कुणीच वर बघंना. दाराजवळचा फौजदार जागा झाला, हळूहळू पुढं आला, त्यानं एकदा साहेबाकडं बघितलं, साहेब काय तरी बोलतेल म्हून थांबलाबी बिचारा. साहेब म्हणले, आपण जेवणासाठी थांबू या. दादा तर कधी बाहेर गेले कळलंच न्हाई. मग फौजदारानं वाकून झाड उचललं. मामा म्हणले, अहो, पंच उठले न्हाईत अजून! फौजदारानं बघितलं तर खुर्च्या रिकाम्या. मामा आपले तेच म्हणायलेत, पंच उठले न्हाईत, पंच उठले न्हाईत. झाड घोंगडीतच गुंडाळलं अन् मामाच्या दंडाला धरलं. बुटानं घोंगडीवर उभा राहिला हो तो. मी ओरडले, पाय काढा म्हणलं, पाय काढा! त्याला वाटलं मी धाव घ्यायलेय, बाईपोलिसाला हाक मारली त्यानं.

पेपरात फोटू आला दुसऱ्या दिशी. गुरुजीनं वाचला, गांजासह इसमास अटक. समितीचं आतल्या पानावर व्हतं, चर्चा खेळीमेळीत पार पडली म्हून.

सरकारानं वकील दिला, तो म्हणला, काकू, नुसता पाला आणला असता तर मी आठ दिसात घरी आणला असता, पाला या कायद्यात बसत न्हाई, पर तुमच्या सासऱ्यानं तुऱ्यासकट झाड आणलं, अन् वर म्हणले मी लावलं. काय डोकं का काय! मी म्हणलं, साहेब, अर्धं ठेवायचं नसतं. तो माझ्या तोंडाकडं बघायला लागला. जामीन न्हाई मिळाला.

अन् घरी पोलिस आले, दुसरं झाड उपटून नेलं. बरणीतला पाल्याचा गूळबी वतला उकिरड्यावर. एकनाथ बघत व्हता पडल्यापडल्या. तितून पुढं ते सगळं परत सुरू झालं, तो सूर. मी गावभर फिरले, एकाच्या परड्यात पानभर पाला राहिला न्हाई, मामाला नेलेलं बघून सगळ्यांनी मुळं खणून काढली. देवळातल्या बाबाकडं गेले, तो तर हवालदारासंगं मांडीला मांडी लावून चिलीम वढायचा, तो म्हणला, न्हाई बाई, आमी तसलं ठेवीत न्हाई. तोंडातून धूर निघायलाय अन् म्हणतो ठेवीत न्हाई. जिंतूरला स्टँडमागं मिळतं असं कुणी तरी सांगितलं, गेले मी, पदर तोंडावर घेऊन, रंडीवाणी उभी राहिले तितं, लिवा असंच लिवा, एका टारगटानं पुडी दिली. घरी आणून दिलं तर एकनाथाला उलट्या, काय मिसळलं व्हतं देव जाणे. ज्याला मजा करायचीय त्याला तवाबी मिळत व्हतं, आजबी मिळतं. कायदा फक्त माझ्या परड्याला लागला.

दादाकडं गेले. बंगल्यात बसवलं, चहा दिला. म्हणले, समितीचं मत आपल्या बाजूनं झुकलंय, अहवाल येऊ द्या, मीबी पाठपुरावा करायलोय. मी म्हणलं, दादा, अहवाल येईस्तोवर माणूस टिकायचा न्हाई, तुमी एक फोन करा, मामाला सोडवा, तुमीच उठा म्हणले व्हते. ते म्हणले, कोर्टातली बाब हाय, माझे हात बांधलेत. चहा प्या. मी न्हाई पिला तो चहा. आता वाटतं तोंडावर वतायला पाहिजे व्हता.

शांताबाई नसती तर मी येडी झाले असते. तिच्या मालकाला नामांतराच्या सत्याग्रहात जेल झाली व्हती, म्हून तिला सगळं माहीत, कोणत्या दारानं जायचं, भाकर आत जाऊ देतेत का, हवालदाराला काय म्हणायचं. तिनंच मला जेलात नेलं पहिल्यांदा. जाळीच्या पलीकडं मामा. दर खेपंला पहिलं इचारायचे, जेवला का? मी म्हणायचे, जेवला मामा, वाटीभर. खोटं. मग म्हणायचे, झोपला का? झोपला म्हणायचे. ते मान हलवायचे. मला वाटतं त्याह्यला कळत व्हतं.

एकनाथ गेला तो दिस उजाडता उजाडता. त्या आधी कितीतरी दिस त्याच्या पोटात नुसतं पाणी. शेवटाला त्यानं मामाचं नाव न्हाई घेतलं, देवाचं न्हाई घेतलं, मला म्हणला, सरू, उशी. मी उशी नीट करायला गेले तर म्हणला, तशी न्हाई, तोंडावर. मी ऐकलं न्हाई त्याचं. झालं नसतंच माझ्याच्यानं. त्याला धरून बसले. बापाला मातीलाबी येऊ दिलं न्हाई, अर्ज करा म्हणले, अर्ज कुठं करू मी त्या दिशी.

मग जेलात गेले. शांताबाई म्हणली मी सांगते, मी म्हणलं नको. जाळीपुढं उभी राहिले. मामानं बघितलं माझ्या कपाळाकडं. कुंकू न्हाई. त्या दिशी त्याह्यनं इचारलं न्हाई जेवला का म्हून. जाळीला दोन बोटं लावली अन् म्हणले, भाकरी ने परत, तू खा. एवढंच. वळून गेले आत.

दोन पावसाळे काढले मामानं तितं. मग जज्ज बदलले, नवे जज्ज म्हणं म्हणले, हा माणूस लपवत नव्हता, मागायला आला व्हता, अन् सोडलं. बरं केलं, देव त्याह्यचं भलं करो, पर कुणासाठी सोडलं? झाड जाळायचा हुकूम केला अन् घोंगडी परत द्यायचा. घोंगडीला लाखेचं शील, सुतळी, वर चिठ्ठी. मी ती हितं परड्यात झटकली, दोन बरसाची धूळ व्हती तिच्यात. मामानं ती खांद्यावर घेतली न्हाई. आमचे लोक आले पंचायतीला बोलवायला, तर म्हणले, दुसरा बघा, माझ्या घोंगडीवर पाय पडलाय. समितीचं काय झालं इचारता? गुरुजी सांगतेत, विषय आणखी अभ्यासासाठी पुढं ठेवला. अभ्यास करायलेत. करू द्या.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला नामांतर झालं एकदाचं. शांताबाई पेढे घेऊन आली, रडायली, हसायली. मीबी खाल्ला पेढा, चांगलं झालं म्हणलं, तुमची माणसं जळाली त्याच्यापायी, मिळायलाच पाहिजे व्हतं. ती म्हणली, सरू, एवढे बरसं लागले. मी म्हणलं, तुमी हजारानं व्हता बाई, मोर्चे काढले. दुखणेकऱ्याचा मोर्चा कुठून निघायचा, तो तर उठून बसंना. दादाबी आले व्हते मागच्या महिन्यात, मतं मागायला. वट्ट्यावर बसायचं व्हतं, कुणीतरी म्हणलं घोंगडी हातरा पाहुण्याला. मी ती घडी उचलून आत नेली अन् दाराला कडी लावली. दादा मातीत बसले, धवळ्या कपड्यानं.

अन् तुमाला शेवटचं सांगते, मग जा, तुमची गाडी चुकंल. मी ती घोंगडी झटकली व्हती ना परड्यात, तितं या पावसाळ्यात एक रोप आलं. त्या झाडाचं बी लोकरीत अडकून राहिलेलं असणार. तेच पान, तोच वास. गुडघ्याएवढं झालं तरी मी रोज बघायचे अन् परत फिरायचे. मामाला ऐकू येत न्हाई पर दिसतं बराबर, ते काठी टेकत आले अन् म्हणले, राहू दे सरू, कुणाच्या तरी उपेगी येईल. किती दिसांनी बोलले ते. मी म्हणलं, कुणाच्या मामा? ज्याच्या यायचं व्हतं तो गेला. अन् उपटलं. मुळासकट, मातीसकट. उपटून हातात धरलं, अन् कळंना आता हे ठेवू कुठं. ठेवायला जागाच न्हाई. मग चुलीत घातलं.

चला, उठा. कपाळ करा हिकडं, भंडारा लावते. सुखी राहा माय, तुमच्या घरात असलं दुखणं कधी न येवो. अन् आलंच, तर जे करायचं ते दार लावून करा. कुणाला इचारायला जाऊ नका.